पत्र्याअलीकडे माती, पलीकडे खनिज

बांधकामाची यंत्रं वर्षातले कितीतरी दिवस नुसती उभी असतात, असा आरोप नेहमी होतो. निवडणूक लागली की तो साफ खोटा पडतो. उमेदवाराची मिरवणूक चौकात आली, की दोन्ही बाजूंच्या जेसीबींची बकेटं वर जातात आणि पोती पोती झेंडूच्या पाकळ्या साहेबांच्या डोक्यावर ओतल्या जातात. शेजारी हायड्रा क्रेन, तिच्या हुकाला मजलाभर उंचीचा हार. काल ज्या बकेटनं गटार उपसलं तेच आज धुऊनपुसून गुलाल उधळतं. सकाळी एका पक्षाकडे, दुपारी दुसऱ्याकडे, संध्याकाळी बंडखोराकडे. भाडं तासावर. यंत्राला पक्ष नाही आणि ड्रायव्हरला मत असलं तरी तो ते बोलून दाखवत नाही. पडून असलेल्या साधनांचा सामायिक वापर म्हणून जो काही शाश्वत विकास परिषदांतून शिकवला जातो, तो याहून वेगळा काय असतो?

तेव्हा आपल्याला हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. बांधकाम करताना जमत नाही, एवढंच.

पुण्यातली जुन्या सोसायट्यांची कुठलीही गल्ली घ्या. कोथरूडची घ्या, सहकारनगरची घ्या. पन्नास पावलांवर दोन पुनर्विकास चालू असतात. एका प्लॉटवर दोन मजली तळघर खणणं चाललंय. पोकलेन मुरूम उपसतंय आणि डंपर तो घेऊन शहराबाहेर ओतायला निघालाय. दुसऱ्या प्लॉटवर प्लिंथमध्ये भर घालायचीय. तिथे मुरमाचा डंपर शहराबाहेरून येतोय. एकाला मुरूम टाकायचे पैसे पडतात, दुसऱ्याला आणायचे. दोन्ही डंपर एकाच सिग्नलला समोरासमोर उभे राहून एकमेकांवर धूर सोडतात. मधली पन्नास पावलं मुरूम घमेल्यानंही गेला असता.

वेळ जुळत नाही, असं बिल्डर सांगतात. थोडं खरं आहे. एकाचं खोदकाम मार्गशीर्षात आणि दुसऱ्याची प्लिंथ चैत्रात असली, तर चार महिने मुरूम ठेवायचा कुठे? पण वेळ जुळली तरी काय होतं ते पाहू.

केंद्र सरकारच्या 3 फेब्रुवारी 2000 च्या अधिसूचनेनं साधी माती गौण खनिज ठरली. सगळी नव्हे, बंधारे, रस्ते, रेल्वे, इमारती यांच्या कामात भरावाला किंवा सपाटीकरणाला वापरलेली. म्हणजे माती खनिज आहे की नाही, हे तिच्या पोटात काय आहे यावर ठरत नाही, ती पुढे कुठे जाणार यावर ठरतं. (आपल्याकडे माणसांचंही बरंचसं असंच ठरतं.) पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांची संघटना हे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेली. डिसेंबर 2014 मध्ये न्यायालयानं सांगितलं, की पाया खणला आणि माती निघाली एवढ्यावरून सरसकट रॉयल्टी लावता येणार नाही. त्या मातीचं नेमकं काय केलं ते आधी तपासा. ती त्याच बांधकामात परत वापरली, हे बिल्डरांचं म्हणणं खरं आहे का ते बघा.

निकाल शहाणपणाचा आहे. त्याचा गल्लीतला अर्थ मात्र असा निघतो: स्वतःच्या प्लॉटात जिरवली तर माती, शेजाऱ्याच्या प्लिंथमध्ये घातली तर खनिज. खनिज म्हटलं की तहसील कचेरी आली, ब्रासवर रॉयल्टी आली, वाहतूक पास आला. पास नसला तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. तीच माती मध्यरात्री मुठेच्या काठाला ओतली तर? तोही गुन्हाच आहे. पण मध्यरात्री नदीकाठी तहसीलदार नसतात, आणि शेजाऱ्याच्या प्लॉटवर भरदुपारी सगळी गल्ली बघत असते. सभ्य माणूस धोका कुठला पत्करेल?

समजा, दोघे बिल्डर तरीही शहाणे निघाले. एक म्हणाला, तू माझा मुरूम घे, मला महिनाभर तुझा हॉइस्ट दे. पैशाची बात नाही, हातउसनं. वस्तू आणि सेवा कर कायद्याच्या कलम 7 मध्ये विक्री, भाडं यांच्याच रांगेत अदलाबदलही ‘पुरवठा’ म्हणून बसवलेली आहे. म्हणजे मुरमाचं बिल, हॉइस्टचं बिल, दोन्हींचं मूल्यांकन, दोन्हींवर कर, दोन सीए. आपल्या शेतकऱ्यांची इर्जिक या कलमाच्या तावडीत सापडली नाही, कारण ती कायद्याच्या आधी जन्मली. चार शेजाऱ्यांनी आपापले बैल आणून एकाचं रान नांगरून द्यायचं आणि संध्याकाळी त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. आज हा प्रकार दोन खासगी मर्यादित कंपन्यांनी करून दाखवावा. जेवणाचं बिल कुणाच्या खात्यात टाकायचं यावरच लेखापरीक्षक अडेल.

बरं, शेजारी कोण आहे हे कळायला तो दिसायला तर हवा. मुंबई महापालिकेनं ऑक्टोबर 2023 मध्ये धुळीविरुद्ध नियमावली काढली. त्यात 70 मीटरहून उंच इमारतींच्या कामाभोवती 35 फूट उंच पत्रा बंधनकारक केला. हेतू उत्तम होता, हवा खरोखरच वाईट होती. पण दोन प्लॉट एकमेकांना लागून असतील तर पत्र्याला पत्रा, पाठीला पाठ. मधल्या वीतभर फटीत मांजरं राहतात. एकच पत्रा दोघांत चालला असता, अर्धा अर्धा खर्च. पण मग एका बाजूनं एकाचं नाव आणि दुसऱ्या बाजूनं दुसऱ्याचं, हे मार्केटिंगला परवडत नाही.

खरं सांगायचं तर वाटून वापरण्याची विद्या या धंद्यात पूर्वीपासून आहे. ती फक्त तालुक्याच्या गावी राहते आणि तिला कुणी विद्या म्हणत नाही. सेंटरिंगवाला बघा. कुणाचंही घर निघालं की प्लेटा त्याच्याकडून, जॅक त्याच्याकडून, वासे त्याच्याकडून. हिशेब चौरस फुटावर. त्याच्या प्लेटा वर्षानुवर्षं या स्लॅबखालून त्या स्लॅबखाली फिरत असतात. शाळेच्या, दवाखान्याच्या, सरपंचाच्या बंगल्याच्या, सरपंचाच्या विरोधकाच्या बंगल्याच्या. प्लेटेच्या कडेला प्रत्येकानं आपापल्या रंगाचा पट्टा मारलेला. हिरवा पट्टा निळ्यांच्या ढिगात सापडला की भांडण, आणि भांडणानंतर चहा. असा एक सेंटरिंगवाला अख्ख्या तालुक्याची घरं उभी करतो. त्याच्या जागी प्रत्येक घरमालकानं स्वतःच्या प्लेटा घेतल्या असत्या तर निम्मं लोखंड स्लॅबखाली कधी गेलंच नसतं, अंगणात गंजत पडलं असतं.

या व्यवहारात दोष नाहीत असं नाही. भारतीय मानक 456 सांगतं, की साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस काढायचे नाहीत, त्याहून मोठ्या स्लॅबचे चौदा दिवस. पण पाचव्या दिवशी पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन येतो. आपल्या घरमालकाला भाडं वाचवायचं असतं, पुढच्याला मुहूर्त गाठायचा असतो, आणि सेंटरिंगवाल्याच्या प्लेटा तेवढ्याच असतात. स्लॅबनं कंबर टाकली तर त्याचं कारण सिमेंटमध्ये शोधलं जातं. अति वापरलेल्या, वाकड्या प्लेटेतून सिमेंटचं पाणी गळतं आणि खालून स्लॅब मधमाशीच्या पोळ्यासारखा दिसतो, हेही गवंड्याला माहीत असतं. वाटून वापरायचं तर कुणीतरी प्लेट तपासायला हवी आणि कुणीतरी तारखेला ‘नाही’ म्हणायला हवं. तालुक्यात ‘नाही’ म्हणणारा माणूस नसतो. शहरात नुसता ‘नाही’ म्हणणाराच असतो.

शहरातली मोठी कामं आता ॲल्युमिनियमच्या साच्यांवर होतात. धंद्यात त्यांना सरसकट मायवान म्हणतात. मूळ ते एका कंपनीचं नाव. लाकडी प्लायचा साचा मोजक्या वेळा वापरून जळणात जातो, हा शंभराहून जास्त वेळा चालतो. ऐकायला किती छान! पण हा साचा शिंप्यानं माप घेऊन शिवलेल्या कोटासारखा असतो, त्या इमारतीच्या त्या खोलीचा. दुसऱ्या प्रकल्पात न्यायचा तर खोल्यांची मापं जुळायला हवीत, नाहीतर निम्मे तुकडे नवे करा. आता टू बीएचकेच्या बेडरूममध्ये असं काय वेगळेपण असतं, की प्रत्येक आर्किटेक्टनं तिची लांबी चार इंचांनी वेगळी धरावी? माहितीपत्रकातला मजकूर तर सगळ्यांचा शब्दशः एकच असतो. तो मात्र वाटून वापरतात.

आता काँक्रीट. आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी साइटवर येते. इंजिनिअरनं हिशेब केलेला असतो, आणि हिशेबावर अर्धा घनमीटर जास्त मागवलेलं असतं. त्याला दोष देता येत नाही. स्लॅबचा कोपरा भरायचा राहिला आणि पुढची गाडी सिग्नलला अडकली, तर जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये सांधा पडतो आणि तो सांधा आयुष्यभर गळतो. म्हणून उरतंच. उरलेलं घेऊन गाडी परत निघते. गाडीत भरल्यापासून दोन तासांत ते ओतायला हवं, असा दंडक. मग कोपऱ्यावर गाडी जरा हळू होते, ड्रम उलटा फिरतो, आणि रस्त्याला एक फुकटचा गतिरोधक मिळतो. शहरातले कितीतरी गतिरोधक असे एम-30 दर्जाचे आहेत. महापालिकेनं रीतसर बांधलेले तेवढे पक्के नसतात.

त्या अर्ध्या घनमीटरात तीन-चार गोण्या सिमेंट असतं. सिमेंटचा एक टन करताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला निम्म्याहून अधिक भट्टीच्या इंधनाचा नसतो, चुनखडी भाजताना तिच्यातूनच बाहेर पडतो. म्हणजे भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच. अशा तीन गोण्या आपण चौकात ओततो, आणि त्याच सकाळी शेजारच्या प्लॉटवर पायाखालच्या साध्या पीसीसीसाठी दुसरी गाडी मागवलेली असते. पीसीसीला कमी ताकदीचं चालतं, वरचढ आलं तर बिघडत नाही. पण शेजाऱ्याचा इंजिनिअर विचारतो, चाचणीचे क्यूब कुणाच्या नावानं भरायचे? अठ्ठावीस दिवसांनी ते फुटले तर सही कुणाची? प्रश्न रास्त आहे. रेरा कायद्यानं ताबा दिल्यापासून पाच वर्षं संरचनेतल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. दुसऱ्याच्या उरलेल्या काँक्रीटपायी कोण आपली पाच वर्षं गहाण टाकेल? कॉलमला असलं काँक्रीट वापरा, असं मीही म्हणणार नाही. पण फुटपाथच्या कडेचे दगड, पार्किंगमधले चाकअडव, झाडाभोवतीचे कट्टे यांना कसला आलाय रेरा?

सरकारी कामात तर वेगळीच गंमत. निविदेत अट असते, की कंत्राटदाराकडे बॅचिंग प्लांट, रोलर, पेव्हर मालकीचे हवेत, नाहीतर भाडेकरार जोडा. कंत्राटदारांच्या गप्पांत जरा वेळ बसलात तर कळतं, की तालुक्यातला एकुलता एक बॅचिंग प्लांट एकाच वेळी चार जणांच्या फायलींत उभा आहे, चारही ठिकाणी नोटरीच्या शिक्क्यासह. सामायिक वापर तो हाच. फक्त काम सुरू झाल्यावर प्लांट एका वेळी एकाच जागी उभा राहू शकतो, ही भौतिकशास्त्राची अडचण निविदा समितीच्या ध्यानात येत नाही.

साहित्याच्या अटीत शब्द असतात ‘नवीन, अव्वल दर्जाचे’. लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिक स्टेडियमच्या छताचं वरचं कडं करताना गॅस वाहिनीसाठी बनलेले आणि पडून राहिलेले पोलादी पाइप वापरले, अडीच हजार टनांच्या आसपास. सगळ्या जगानं त्या कड्याखाली धावणारा बोल्ट पाहिला, कुणी पाइप मोजत बसलं नाही. तेच पाइप आपल्याकडच्या जिल्हा क्रीडा संकुलाला लावून दाखवा. आधी लेखा आक्षेप, मग लक्षवेधी, मग चौकशी समिती, मग समितीच्या अध्यक्षांसाठी नवीन गाडी.

लॉरी बेकर नावाचा माणूस याच देशात, तिरुवनंतपुरमला बसून, पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या नव्या घरांना लावत होता, आणि स्लॅबमध्ये जिथे काँक्रीट नुसतं ओझं म्हणून असतं तिथे मंगलोरी कौलं घालत होता. त्याला पद्मश्री दिली. मग त्याचा धडा आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमात टाकला आणि विषय मिटवला.

पण बेकरचं काम आपल्याकडे कुणी करतच नाही असं समजू नका. सोसायटी पाडायची ठरली की तोडकामवाला येतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही: बहुतेक वेळा पाडायचे पैसे आपण त्याला देत नाही, तोच आपल्याला देतो. कारण तो इमारतीकडे बघतो तेव्हा त्याला इमारत दिसत नाही. सळई दिसते, सागवानी चौकटी दिसतात, ग्रिल, पाण्याच्या टाक्या, कमोड, वायर, लिफ्टची मोटार दिसते. कोणती वस्तू कोणत्या गल्लीत खपते हे त्याला पाठ असतं. चौकटी जुन्या दारं-खिडक्यांच्या दुकानात, फर्निचर जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यात, सळई तोडून, सरळ करून छोट्या घरांच्या कामाला किंवा वितळवायला, लाद्या गावाकडच्या गोठ्याला. पंधरा दिवसांत इमारतीचा उरतो फक्त राडारोडा. ज्या ॲपवर लोक पैसे लावायला तयार होतील ते सगळं त्याच्या डोक्यात आणि एका काच फुटलेल्या मोबाइलमध्ये असतं. त्यातला एक भाग फार मजेचा. वाड्यातला कोरीव दरवाजा तो पाच-दहा हजारांना उचलतो, आणि वर्षभरात तोच दरवाजा एखाद्या गृहप्रकल्पाच्या विक्री कार्यालयात, काचेमागे, दिव्याखाली, ‘वारसा’ म्हणून उभा असतो. दरवाजा परत आला. मधल्या काळात त्याच्या किमतीला एक शून्य लागलं.

हरित प्रमाणपत्राच्या कुठल्याच रकान्यात या माणसाचं नाव येत नाही. तिथे सायकल स्टँडला गुण असतात.

उरला राडारोडा. त्याचं काय करायचं हेही ठरलेलं आहे. भारतीय मानक 383 मध्ये 2016 सालीच लिहिलंय, की जुन्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के, आरसीसीत 20 टक्क्यांपर्यंत (एम-25 दर्जापर्यंतच) आणि एम-15 च्या खालच्या दुबळ्या काँक्रीटमध्ये शंभर टक्के वापरायला हरकत नाही. मुंबई महापालिकेचे दोन प्रक्रिया प्रकल्प आहेत, दहिसरला आणि शिळफाट्याजवळ डायघरला, प्रत्येकी रोज 600 टनांचे. पुण्याचा वाघोलीला आहे. पण दादरचा राडारोडा डायघरला जातो, तिथे त्याची खडी होते आणि ती परत दादरला यायची तर खाणीची ताजी खडी वाटेतच भेटते, तिचा भावही जवळपास तेवढाच. शिवाय तिला कुणी ‘जुनी’ म्हणत नाही. दगड कोट्यवधी वर्षांचा असला तरी तो ताजा. काँक्रीट तीस वर्षांचं असलं की म्हातारं.

जबरदस्ती केली की मात्र आपण शिकतो, याला पुरावा आहे. कोराडी, चंद्रपूर, एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रांची राख एकेकाळी नुसती तळ्यांत साठायची. 1999 मध्ये केंद्रानं अधिसूचना काढली, की राख ठेवायची नाही, द्यायची, आणि आसपासच्या बांधकामांनी ती वापरायची. आज आपण जी पीपीसी सिमेंटची गोणी घेतो तिच्यात 15 ते 35 टक्के राखच असते, आणि एकाही गिऱ्हाइकानं गोणी हुंगून ‘ही कुणाची उष्टी राख?’ असं विचारलेलं नाही. राखेची तळी संपली असं नाही, कोराडी-खापरखेड्याच्या गावांना विचारा. पण राख धंद्यात आली ती कुणाच्या मनाच्या मोठेपणामुळे आली नाही.

आणि हो, पडून असलेल्या साधनांची यादीच करायची तर दोन मोठ्या गोष्टी राहिल्या. पहिली, घरं. 2017-18 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत 2011 च्या जनगणनेचा आधार घेऊन सांगितलंय, की शहरी भारतात सुमारे 1 कोटी 10 लाख घरं रिकामी आहेत आणि शहरांत मुंबई पहिली, जवळपास 4 लाख 80 हजार. सिमेंट ओतून झालं, कार्बन जाऊन झाला, आणि आत फक्त गॅलरीतल्या कबुतरांचा संसार. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीतही दोन-चार बंद घरं असतातच. मालक परदेशात, किल्ली सेक्रेटरीकडे. पाडून तिप्पट घरं बांधायची, त्यातली काही पुन्हा बंद ठेवायची. दुसरी, उपकर. 1996 च्या कायद्याखाली बांधकाम खर्चाच्या एक टक्का रक्कम कामगार कल्याणासाठी गोळा होते. देशभरात त्यातले हजारो कोटी कित्येक वर्षं न वापरता पडून राहिले, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला सरकारांचे कान धरावे लागले. सकाळी नाक्यावर उभा असलेला बिगारी दहा वाजेपर्यंत काम मिळालं नाही की घरी जातो. त्याचा पैसा मात्र कधीच नाक्यावर येत नाही.

मग करायचं काय? यावर नवी समिती, नवं पोर्टल, नवं धोरण येईलच. 1 एप्रिल 2026 पासूनचे केंद्राचे राडारोड्याचे नवे नियम आहेत, त्यांत पोर्टलही आहे. मुख्य जबाबदारी 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर. गल्लीतली पंचवीस बिऱ्हाडांची सोसायटी त्या जाळ्याच्या भोकातून आरामात निसटते.

माझं मागणं त्याहून फार लहान आहे. 2016 च्या जुन्या नियमांतच लिहिलेलं होतं, की दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला 300 टनांहून जास्त राडारोडा करणाऱ्यानं काम सुरू होण्याआधी महापालिकेला आराखडा द्यायचा आणि माल वेगवेगळा करायचा: काँक्रीट वेगळं, माती वेगळी, पोलाद-लाकूड-प्लास्टिक वेगळं, विटा-मसाला वेगळा. म्हणजे कोणत्या प्लॉटवर काय निघणार आणि किती, हे महापालिकेला आधीच कळवलेलं असतं. कुणाची प्लिंथ कधी तपासायची हेही तिलाच माहीत असतं, कारण तपासणीचा अर्ज तिच्याकडेच येतो. तोडकामवाल्याच्या डोक्यात जे आहे ते तिच्याकडे कागदावर आहे, सही-शिक्क्यासह. फक्त पहिला कागद घनकचरा विभागात, दुसरा बांधकाम परवानगी विभागात, आणि दोन विभागांमध्ये पत्रा 35 फुटांचा नसला तरी छतापर्यंतचा आहे. या दोन फायली एका टेबलावर आल्या, आणि त्या टेबलावर तहसील कचेरीचा एक माणूस जागच्या जागी पास द्यायला बसला, तर एका वॉर्डातला मुरूम वॉर्डातच जिरेल. याला ना सॉफ्टवेअर लागतं, ना सल्लागार. म्हणूनच ते होणार नाही.

तेवढंही जड वाटत असेल तर बिल्डरांनी स्वतःच करावं. साइटभोवतीच्या पत्र्यावर सध्या एक विदेशी जोडपं पहाटे धावत असतं, मागे निळा तलाव, शेजारी सोनेरी केसांचं मूल. त्याच्या खालच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहाव्यात: ‘आत मुरूम आहे. अमुक इतके ब्रास, अमुक तारखेपासून. हवा असल्यास गेटवर विचारा.’ हे मी एका प्रकल्पाच्या विक्रीप्रमुखांना सुचवून पाहिलं. ते विचारात पडले. मुरूम हा शब्द ब्रँडला शोभत नाही, म्हणाले. ‘अर्थ रिसोर्सेस’ लिहिलं तर? मी म्हटलं, काहीही लिहा, पण डंपरवाल्याला वाचता आलं पाहिजे. तेवढ्यात त्यांच्याच लायझनवाल्या गृहस्थांनी मूळ अडचण सांगितली. प्रकल्पाची माहिती सोडून पत्र्यावर दुसरं काही लिहिलं तर ती जाहिरात धरतात. तिला परवानगी लागते. मुरमाची असली तरी ती आकाशचिन्ह विभागाची.